पहिल्या हाकेला

महाडात आमच्या घरी यायला दोन वाटा होत्या. एक बाजारातून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. दुसरी बंद पडलेल्या भातगिरणीच्या आवारातून. पहिल्या वाटेने आलं की ओट्याओट्यावरून बायका विचारत, "काय गो, गुरुजींची ना तू? आज उशीर?" दुसऱ्या वाटेने कोणी काही विचारत नसे, कारण त्या वाटेने कोणी येतच नसे. गिरणीच्या मालकांत भाऊबंदकी लागली होती. पुढच्या दाराला कुलूप होतं आणि कुलपावर कोर्टाचं लाखेचं सील. नदीकडची मागची भिंत मात्र एका पुरात खचली होती, आणि ती कोणी बांधायची यावरही मालकांचं भांडणच होतं, त्यामुळे ती तशीच राहिली. त्या खिंडारातून आत शिरायचं, आवार ओलांडायचं, दुसऱ्या अंगाच्या बुटक्या भिंतीवरून उडी मारायची की थेट आमच्या परसात. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी त्या भिंतीकडेच उघडे. पाऊस लागला की खिडकीतून गिरणीचा वास घरात येई, उकड्या तांदळाचा, पण आंबलेला. आई म्हणे, "मेलीचं पोट बिघडलंय," आणि खिडकी लावून घेई.

घरात आम्ही तिघंच. अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर, आळीत सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांनी धर्मांतर नुसतं केलं नव्हतं, अंगात मुरवलं होतं. देव्हारा त्यांनी स्वतः नदीवर नेऊन सोडला होता आणि त्या कोनाड्यात पुस्तकं लावली होती. घरात उपास नाही, अंगारा नाही, नवस नाही, आणि 'नाय-हाय' सुद्धा नाही. 'नाही' म्हणायचं, 'आहे' म्हणायचं. आई आयुष्यभर डोंगरातलं बोलत आलेली. ती अण्णांसमोर जपून, अडखळत शुद्ध बोले आणि ते शाळेला गेले की चुलीपुढे बसून मोकळी होई. संध्याकाळी कुळथाचं पिठलं, नाचणीची भाकरी आणि विस्तवावर भाजलेली सुकट, यापलीकडे फारसं काही नसे. पण अण्णा जेवताना वर्तमानपत्रातली एखादी बातमी सांगून मग मला तिच्यावर प्रश्न विचारत, त्यामुळे जेवण फार लांबे. आईला ते प्रश्न विचारत नसत. मला तेव्हा वाटे, ती सुटली. आज वाटतं, तिलाही विचारायला हवं होतं.

मंदा माझी अकरावीतली मैत्रीण. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका बौद्धवाडीतून शिकायला आलेली आणि मुलींच्या वसतिगृहात राहणारी. काटक, सावळी, चालताना कायम माझ्या दोन पावलं पुढे. बोलणं गावचं, आणि ते तिने महाडात येऊन बदललं नाही. शिक्षकांसमोरही बदललं नाही. ती आमच्याकडे आली की आईला कोण आनंद होई. दोघी चुलीशी बसून अशा काही बोलत सुटत की मीच घरात पाहुणी वाटे. अण्णांना मंदाचं बोलणं खटकायचं, पण तिचं गणित चांगलं होतं, आणि गणित चांगलं असलेल्या माणसाला अण्णा सगळं माफ करत.

मुलींनी जायचं नाही अशा जागा तेव्हा किती होत्या हे सांगायला बसले तर हे प्रकरण त्यातच संपेल. थेटरात एकटीने नाही, बंदराकडे नाही, एसटी स्टँडवर कारणाशिवाय नाही, दवाखान्याच्या मागे तर नाहीच नाही. मंदाला या यादीचा राग नव्हता, तिला ती यादी म्हणजे कार्यक्रमपत्रिका वाटायची. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाला तेव्हा सगळे मास्तर 'दिपोटी' म्हणत. दिपोटी येणार असं कळलं की अण्णांचं जेवणात लक्ष नसे, ते घोकल्यासारखं स्वतःशीच बोलत. हे मी मंदाला एकदा सांगितलं आणि तिने तो शब्द उचलला. "शालू, आज दिपोटीला जायचं काय गो?" म्हणजे आज कुठल्या बंद जागेत शिरायचं. आत गेलं की ती हात मागे बांधून, पोट पुढे काढून फिरे, भिंतींना प्रश्न विचारी आणि निघताना शेरा देई. बंद थेटरात आम्ही मागच्या जिन्याने वर मशीनच्या खोलीत गेलो. मशीन केव्हाच नेलेलं होतं. भिंतीतल्या चौकोनी भोकातून पाहिलं तर खाली खुर्च्या नव्हत्या, पडदा नव्हता, नुसतीच एक पांढरी भिंत आणि तिच्यासमोर बसलेली दोन कुत्री. मंदा म्हणाली, "शेरा. हजेरी कमी हाय, पण शिस्त चांगली." मी इतकी हसले की कुत्री भुंकायला लागली आणि आम्ही जीव घेऊन पळालो.

सरकारी दवाखान्यामागे एक एकटी खोली होती, जाळीच्या खिडकीची. तिथे काय करतात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी नाव घेत नसे. दुपारी सगळं सामसूम असताना आम्ही खिडकीला तोंड लावून आत पाहिलं. सिमेंटचा ओटा होता, मध्ये जरा खोलगट, आणि त्याला एका टोकाला पाणी जायला भोक. भिंतीला टेकून एक खराटा. बस, एवढंच. मंदाने तिथे शेरा दिला नाही. परत येताना ती बरंच चालून गेल्यावर म्हणाली, "धुऊन ठेवलाय बघ, सोयपाकघराच्या ओट्यासारका." त्यानंतर आम्ही तिकडे फिरकलो नाही.

परवा भाच्याचा मुलगा मला फोनवर काहीतरी दाखवत होता. डोक्याला बॅटरी बांधलेली पोरं कुठल्याशा बंद गिरणीत शिरतात, बोलत बोलत चित्रण करतात आणि हजारो लोक ते पाहतात. "आजी, तुमच्या काळात असलं काही नसेल ना?" मी म्हटलं, नव्हतं बाबा. आमचं कोणी पाहत नव्हतं आणि तेच आम्हाला हवं होतं. मंदाला तिच्या गावात सगळे पाहायचे, मला आळीत सगळे पाहायचे. त्या रिकाम्या खोल्यांत आमच्याकडे बघणारं कोणी नसे. दुसरा काही खजिना तिथे नव्हता.

गिरणी मात्र आमची दिपोटीची जागा उरली नव्हती, ती रोजची वाट झाली होती. आत तुसाचे ढीग होते, भाताच्या टरफलांचे, पुरुषभर उंच, वर्षानुवर्षं पडून काळे पडलेले. पट्टे-चाकं चोरीला गेलेली. आमच्या परसाकडच्या अंगाला जमिनीत बांधलेले मोठे उघडे हौद. उकडा तांदूळ करायचा तर भात आधी भिजत घालावं लागतं, त्याचे. काठ जमिनीला टेकलेले, भिंती सिमेंटने गुळगुळीत केलेल्या, आणि खोली एवढी की आत उभा राहिलेला माणूस काठापर्यंत पोहोचू नये. उन्हाळ्यात ते कोरडे असत. मंदा काठावर बसून आत पाय सोडी आणि हाक मारून पाही. हाक आत फिरून, फुगून, कोणा दुसऱ्याचीच होऊन वर येई.

त्या गिरणीला आळीतले सगळे भीत. कधी काळी भट्टीवर काम करणारा एक माणूस तिथे वाफेने भाजून मेला होता. तेव्हापासून तो तिन्हीसांजेला कोणाचं तरी नाव घेऊन हाक मारतो असं म्हणत. त्याचं नाव कोणी घेत नसे. 'गिरणीतला' म्हणायचं. कोकणात वाढलेल्याला पुढचं सांगावं लागत नाही, पण आताच्या मुलांना सांगायला हवं. अवेळी बाहेरून कोणी नावाने हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. थांबायचं. माणूस असेल तर तो पुन्हा मारील, तिसऱ्यांदा मारील. ते जे असतं ते एकदाच मारतं. त्या एका हाकेला जो ओ देतो, त्याला ते घेऊन जातं. आमच्याकडे देव सोडले होते तसं हेही सोडलं होतं, निदान अण्णांच्या मते. समोरच्या ओळीत राहणाऱ्या जनाकाकूंकडे गौरी-गणपती बसत, सगळे सणवार होत. पण या एका बाबतीत आमची ओळ आणि त्यांची ओळ यांत काही फरक नव्हता. संध्याकाळी अण्णा शाळेतून येताना कोपऱ्यावरून "शालूऽ" असं ओरडत, तेव्हा मी "आले" म्हणे, आणि आई आतल्या आत चरफडे. तिने मला कधी तसं सांगितलं नाही. पण तिला स्वतःला कोणी हाक मारली की ती हातातलं काम थांबवून वाट पाही, हे मी लहानपणापासून पाहत आले होते.

त्या वर्षी पाऊस लागला तो उघडलाच नाही. नदी बाजारापर्यंत येऊन परत गेली, पुन्हा आली. मला हिवताप भरला. दुपार कलली की थंडी सुरू होई, आई घरातल्या गोधड्या, चादरी, अण्णांचा कोट, सगळं अंगावर घाली, तरी दात वाजत. मग ताप चढे आणि मी बरळायला लागे. कडू गोळ्या, वर पेजेचं पाणी. आईला दोन लेकरं आधी गेली होती, दोन्ही तापानेच. मी त्यांच्यानंतरची आणि शेवटची. हे मला नुसतं ऐकून ठाऊक होतं. तिच्यासाठी ते काय होतं हे मला पुष्कळ उशिरा, माझी स्वतःची मुलगी तापाने फणफणली तेव्हा कळलं.

शनिवार होता. कॉलेज दुपारी सुटलं आणि मंदा मला बघायला आली. तिने माझ्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा झटकन काढून घेतला, नाटक म्हणून. "शेरा," ती म्हणाली, "पोरगी आळशी हाय. सोमवारी वर्गात पायजे." आईने तिला भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. ती जेवली, पुन्हा मागून घेतलं. ती संध्याकाळच्या एसटीने घरी जाणार होती, तसं वसतिगृहात सांगून आली होती. आई म्हणाली, "पानी लय हाय गो बाय, गाडी जायल का?" मंदा म्हणाली, "नाय गेली तर इथंच येते झोपायला. शालूच्या गोधड्या कमी करते." आणि ती पुढच्या दाराने गेली. अण्णा घरात होते ना, म्हणून पुढच्या.

गाडी गेली नाही. हे नंतर कळलं. वर कुठेतरी रस्त्यावर ओढा आला होता आणि पोलादपूरच्या पुढची गाडी त्या दिवशी सुटलीच नाही. मंदा स्टँडवर बराच वेळ बसून होती, एका चहावाल्याने तिला पाहिलं होतं. बाजारात गुडघाभर पाणी यायला लागलं तेव्हा ती उठली. वसतिगृह लांब आणि आमचं घर जवळ. नदीकडची चढाची पाऊलवाट अजून पाण्याबाहेर होती, आणि त्या वाटेवर गिरणीचं खिंडार. ती आमच्याकडेच येत होती. तिने सांगितलं होतं तशीच.

पावसाने हौद हातभर काठ सोडून भरले होते. आवारातलं पाणी वाहत वाहत ढिगांखालचं तूस घेऊन त्यांत उतरलं होतं, आणि तूस बुडत नाही, वर तरंगतं. जमिनीवर तूस, हौदांवर तूस, सगळं एकसारखं. त्यात दिवेलागणीची वेळ. मंदाला पोहता येत नव्हतं. हौद कुठे आहेत हे मात्र तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं, पण पावसात मान खाली घालून, बुटकी भिंत गाठायची म्हणून ती पळत आली असणार. तुसावर पाय ठेवला आणि खाली काही नव्हतं.

मला त्या संध्याकाळचं एवढंच आठवतं. ताप चढलेला. आढ्यावरच्या पत्र्यावर पाऊस, सतत. आई उशाशी बसलेली. मग एकाएकी सगळं बंद झालं, पाऊस, पत्रा, सगळं. मला वाटलं, मी बरी झाले. मग कळलं की आईने माझ्या दोन्ही कानांवर हात दाबून धरले आहेत. तिच्या हातांना चुलीच्या धुराचा वास येत होता. किती वेळ तिने ते धरून ठेवले कोण जाणे. मी झोपले.

तिने हाक ऐकली होती. गिरणीतून आलेली, पोकळ, फुगलेली, माणसाची न वाटणारी हाक. तिन्हीसांजेची वेळ, मूल तापाने बरळतंय, आणि हाक त्या मुलाच्याच नावाची. "शालू गो." एकदाच. मंदा 'धावा' म्हणाली असती, 'मेले' म्हणाली असती तर आई चुलीतलं लाकूड घेऊन धावली असती, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण माणूस घाबरला की त्याच्या तोंडी जवळचं नाव येतं. तिने मला हाक मारली. आई दुसऱ्या हाकेची वाट पाहत राहिली. दुसरी आली नाही, आणि म्हणून तिची खात्रीच पटली.

रविवार असाच गेला. वसतिगृहातल्या बाईंना वाटत होतं मुलगी घरी पोहोचली, तिच्या घरी वाटत होतं पावसामुळे ती आली नाही. सोमवारी मंदाचे वडील, धोंडूभाऊ, डोंगर उतरून चालत महाडात आले, नुसतं विचारायला. वसतिगृहातून आमच्या घरी आले, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अंथरुणातच उठून बसले आणि पहिल्यांदा ती वाट सांगितली. अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. "गिरणीतून? तुम्ही गिरणीतून येत होता?" ते पुढे काही बोलायच्या आत आई भिंतीला धरून खाली बसली. सगळ्यांना वाटलं, तिला पोरीची काळजी वाटून घेरी आली.

मंदाला काढलं तेव्हा मी नव्हते, मला उठू दिलं नाही. तिला दवाखान्यामागच्या त्या जाळीच्या खिडकीच्या खोलीत नेलं. हवालदार आळीत चौकशीला आला. ओट्याओट्यावर थांबून त्याने तेच विचारलं. शनिवारी काही ऐकलंत का, ओरडा, हाक, काही? जनाकाकू म्हणाल्या, "येवढ्या पावसात मला माजंच बोलनं आयकू येत नवतं, बाबा." पलीकडचे कारकून म्हणाले, आम्ही दारं लावून बसलो होतो. सगळ्यांनी तेच सांगितलं. आमच्या दारात अण्णा उभे होते, तेही नाही म्हणाले, आणि त्यांच्या बाबतीत ते खरंच होतं, ते नदीचं पाणी बघायला गेले होते. आई आत होती. तिला कोणी विचारलंच नाही.

त्याच रात्री तिने अण्णांना सांगितलं. मी पडल्या पडल्या ऐकत होते. अण्णा जे बोलले ते मला आजही आवडत नाही, आणि ते माझे वडील होते म्हणून मी ते गाळणारही नाही. ते म्हणाले, "हे बाहेर कोणाला सांगायचं नाही. मी जन्मभर लोकांना काय शिकवत आलो? आणि माझीच बायको भुताला भ्याली, आणि त्यापायी एक पोरगी गेली. लोक काय म्हणतील?" आई म्हणाली, "लोकांचं नाय विचारत मी. त्या पोरीच्या बापाला सांगू का नको?" अण्णा म्हणाले, "त्याला सांगून ती परत येणार आहे का?" आईला ते पटलं नाही. त्यानंतर ती जेवायला बसे आणि घास हातात धरून ठेवी. रात्री उठून परसातल्या दारात जाऊन उभी राही. एकदा अण्णांनी तिला आत ओढून आणलं. त्यांनाही काय करावं कळत नव्हतं. ते वाईट नव्हते, त्यांना लाज वाटत होती. लाजेपायी माणूस किती कठोर होतो हे मी घरातच पाहिलं.

मंदाचा जलदानविधी उरकून धोंडूभाऊ एका सकाळी पुन्हा आले. वसतिगृहातून मंदाची पत्र्याची पेटी घेतली होती, ती डोक्यावरून उतरवून आमच्या ओट्यावर ठेवली. पाऊस थांबला होता. आळीतल्या बायका ओट्यावर धुणी वाळत घालत होत्या, निवडण-टिपण करत होत्या. मी दाराला टेकून बसले होते. "बाय, बरी हायस ना?" त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली. अण्णा म्हणाले, "बसा, बसा," आणि आत वळून, "चहा टाक गं." आई चहा टाकायला गेली नाही. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"भाऊ," ती म्हणाली, "मी हाक आयकली व्हती."

धोंडूभाऊंनी वर पाहिलं. "मंदाची?"

"तिचीच. तवा मला कळलं नाय. शालूला मारली व्हती. शालूला लय ताप व्हता, भाऊ, आनि हाक त्या गिरणीतून. मी शालूचे कान झाकले. ओ नाय दिली." ती रडत नव्हती. एकेक वाक्य सरळ सांगत होती, जपून, एखाद्या मुलाने पाठ म्हणून दाखवावा तसं. "दुसरी हाक आली आसती तर गेली आसती. येकच आली."

मला वाटलं आता हा माणूस तिला मारील. मारलं असतं तर मला ते बरं वाटलं असतं, असं आज वाटतं. आईलाही वाटलं असतं. ते मान खाली घालून पेटीच्या कडीशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "आमच्यात बी हायेच ते. मीच पोरांना सांगितलेलं, येका हाकेला ओ देऊ नको." त्यांनी कडी सोडली. "वयनी, कशी मारली तिनं हाक?"

आईला कळेना.

"कशी मारली? तशी मारून दाखवा."

"धोंडूभाऊ, आता कशाला..." अण्णा म्हणाले.

"गुरुजी, मला तिचा हसतानाचा आवाज आठवतो, भांडतानाचा आठवतो. ह्यो येक मला ठावं नाय. शेवटाचा. आयकू द्या मला."

आईने डोळे मिटले. तिने आयुष्यात कधी आळीत आवाज चढवला नव्हता. तिने गिरणीकडे तोंड केलं आणि हाक मारली, "शालू गो." आवाज अर्ध्यावरच फुटला. समोर धुणी वाळत घालणाऱ्या बायका थांबल्या. धोंडूभाऊ लक्ष देऊन ऐकत होते, मान एका बाजूला कलती करून. त्यांना ती पटली नव्हती, हे दिसत होतं.

"तशी नवती," समोरच्या ओट्यावरून कोणीतरी म्हणालं.

जनाकाकू. हातात पिळलेलं लुगडं तसंच धरून त्या उभ्या होत्या. आपण बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. आईची चूक त्यांना सहन झाली नाही, इतकंच. "तशी नवती वो वयनी. 'शालू' आखूड व्हतं. 'गो' लांबवलं व्हतं तिनं, आनि मंग शेवटाला तोंडात पानी गेलं." आणि त्यांनीच ती मारून दाखवली. हुबेहूब. मी ती हाक कधी ऐकली नव्हती, पण तो आवाज मंदाचा होता, हौदाच्या काठावर बसून ती मारायची तसाच, आणि शेवटी पाणी.

"हां," धोंडूभाऊ म्हणाले. "ही माज्या मंदाची."

जनाकाकूंच्या हातातलं लुगडं ओट्यावर पडलं. त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि त्या खाली बसल्या. धोंडूभाऊ उठले आणि आळीच्या मधोमध येऊन उभे राहिले. एका ओळीकडे पाहिलं, दुसऱ्या ओळीकडे पाहिलं. कारकून दारात होते. त्यांच्या पलीकडचे, त्यांच्याही पलीकडचे, सगळे आपापल्या ओट्यावर होते.

"आनखी कोनी आयकली व्हती?" त्यांनी विचारलं.

एकदाच विचारलं. आळीतून कोणी ओ दिली नाही. त्यांनी थोडी वाट पाहिली, मग ते पेटीपाशी परत आले. अण्णा पुढे झाले नाहीत. आईने एका बाजूने कडी धरली, पेटी उचलून त्यांच्या डोक्यावर दिली, आणि ते बाजाराच्या वाटेने चालू लागले.